डाव्या दाराची चकाकी

गाडीवर डाग पडला म्हणून कुरकुरत येणारी गिऱ्हाइकं भिंगबाईंनी वीस वर्षांत ढिगाने पाहिली होती. गाडी चकाकायला लागली म्हणून भांडायला आलेली दातांची डॉक्टर मात्र पहिलीच.

"ताई, हे बघा," गाडीतून उतरता उतरताच डॉक्टर म्हणाली आणि वळसा घालून पलीकडे गेली. "सांगा आता, हे काय आहे?"

गाडी तीन महिन्यांपूर्वी घेतलेली, कोरी. रंग मॅट राखाडी. पाटीवरचं पुसून ती वाळली की जशी दिसते, तसा. उजेड त्यावर पडतो आणि तिथेच मुरतो, उलटून डोळ्यांत येत नाही. पण मागच्या डाव्या दाराच्या तळाशी हातभर लांब आणि वीतभर रुंद असा एक पट्टा लखलखत होता. इतका, की त्यात डॉक्टरच्या सँडलचे बंद दिसत होते.

"मागे धुवायला आणली तेव्हा हे पंजाएवढं होतं. मी म्हटलं, असेल काहीतरी. परवा पेट्रोल भरताना तिथल्या माणसाने दाखवलं, तर एवढं झालेलं! पसरतंय हे. दाताची कीड परवडली, ती कुठून लागते ते तरी कळतं."

"कंपनीत दाखवलंत का?" भाऊजींनी लांबूनच विचारलं. भाऊजी म्हणजे भिंगबाईंचे धाकटे दीर. गाड्या धुण्याचा आणि पॉलिशचा हा कारखाना दोघं मिळून चालवत. लांब कुठे गडगडलं की वाळत घातलेले कपडे आत आणणारा त्यांचा स्वभाव.

"दाखवलं. ते म्हणाले, धुणाऱ्याला विचारा. तुमच्या शाम्पूत काहीतरी आहे."

"घ्या! चोर सोडून संन्याशाला फाशी," भाऊजी पुटपुटले. मग मोठ्याने म्हणाले, "मॅडम, आमचा शाम्पू मॅटसाठीचाच आहे. बाटली दाखवतो."

भिंगबाई मात्र या दोघांच्या बोलण्यात नव्हत्याच. त्या केव्हाच उकिडव्या बसल्या होत्या आणि गळ्यातलं घड्याळजीचं भिंग त्यांनी डोळ्याला लावलं होतं. काळ्या दोरीत ओवलेल्या त्या भिंगावरूनच त्यांचं नाव पडलं होतं, आणि खरं नाव आता फक्त वीजबिलावर उरलं होतं. लहानपणी त्यांची आई म्हणायची, या पोरीला 'का', 'कसं' आणि 'कुठून' एवढ्यावरच वाढवली असती तरी चाललं असतं, जेवणाचा खर्च वाचला असता.

"वहिनी," भाऊजी म्हणाले, "उठा. आपला काय संबंध?"

"डॉक्टर," भिंगबाई खालूनच म्हणाल्या, "गाडी संध्याकाळपर्यंत ठेवून जा. हे कशाने झालंय ते मी शोधते. आमच्यामुळे झालं असेल, तर आमच्यामुळे म्हणून सांगेन."

भाऊजींनी डोळे एवढे मोठे केले, की भिंगाची गरजच पडू नये.

डॉक्टर गेली आणि भिंगबाईंनी गाडी सावलीत घेतली. मॅट रंगाशी त्यांची ओळख तशी अलीकडची. अर्धं आयुष्य गाड्या चमकवण्यात गेलेलं. मेण लावा, घासा, मशीन फिरवा, गिऱ्हाइकाला त्याचं तोंड बोनेटमध्ये दिसलं की काम झालं. चार वर्षांपूर्वी पहिली मॅट गाडी आली आणि सगळं उलटं शिकावं लागलं. मेण नाही, मशीन नाही, ब्रश नाही. उन्हात धुवायचं नाही. दोन बादल्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं. मऊ फडक्याने नुसता हात फिरवायचा, जोर द्यायचा नाही. वाळवायचं तेही हवेच्या झोताने, नाहीतर फडकं टेकवून टिपून. कारण भिंगातून बघितलं, तर त्या रंगाचा वरचा थर सपाट नसतोच. बारीक रेतीसारखा असतो, आणि त्या कणाकणावर उजेड विखुरतो. घासलं की कण बसतात, पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि चकाकी येते. एकदा आली की जात नाही. चमकणाऱ्या रंगाला ओरखडा गेला तर घासून काढता येतो, मॅटला ती सोय नाही. म्हणून या गाड्यांवर रोजची धूळ बसलेली बरी, पण कोरड्या फडक्याचा हात नको.

म्हणजे कोणीतरी घासलं होतं, एवढं उघड होतं. पण कोणी, आणि असं कसं?

कारण हे घासणं भलतंच होतं. मालकाने डाग काढायला फडकं रगडलं, तर मधे चमक, कडेला पुसट, आणि हजार वेड्यावाकड्या रेघा असा प्रकार होतो. इथे रेघ म्हणून नव्हती. बॅटरी तिरकी धरली, तेव्हा कुठे अगदी पुसट वळणं दिसली. इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी, एकात एक अडकलेली, शेवटपर्यंत सारखी. कडा तर पट्टी लावून आखल्यासारख्या सरळ. दाराच्या फटीत पांढरी पूड अडकली होती. भिंगबाईंनी ती काडीने काढून बोटावर चोळली. खडू. तोही वस्त्रगाळ केलेला. आणि वास? त्यांनी नाक जवळ नेलं. जवसाचं तेल.

"वहिनी, तुम्ही गाडी हुंगताय," भाऊजी म्हणाले.

"तुम्हीही हुंगा."

भाऊजींनी आजूबाजूला बघून घेतलं आणि हुंगलं. "आपल्याकडे असलं काही नाही," ते म्हणाले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. "सुटलो. आता फोन करून सांगा, आमचं नाही."

"सांगू. पण कोणाचं आहे?"

"ते शोधणं आपलं काम आहे का?"

कोपऱ्यात मॅट रंगाचा एक जुना मडगार्ड नमुन्यासाठी ठेवलेला होता. त्यावर भिंगबाईंनी आपल्या शाम्पूने तीनशे वेळा हात फिरवला. एक कोपरा ओला असताना घासला, एक कोरडा. चमक आली, पण गचाळ आली, ओरखड्यांनी भरलेली. तसला पट्टा काढायला त्यांना स्वतःला आठवडे लागले असते, आणि तरी कडा तितक्या सरळ आल्या नसत्या. हे कुणाच्या चुकीचं काम नव्हतं, कुणाच्या तरी कसबाचं होतं. दुपारभर त्यांना एकच वाटत राहिलं, की हा हात कुणाचा आहे ते बघायला हवं.

संध्याकाळी डॉक्टर आली तेव्हा त्यांनी सगळं समोर ठेवलं. पूड, वास आणि मडगार्ड.

"म्हणजे कोणीतरी मुद्दाम करतंय?" डॉक्टरचा चेहरा उतरला. "कोण करेल? दवाखान्यात गाडी माझ्या खिडकीखाली असते, सारखी दिसते. घरी गॅरेजला कुलूप."

"घरी कोण कोण असतं?"

"मी आणि बाबा. आणि बाबा तर गाडीकडे बघतही नाहीत. आणली त्या दिवशी एक फेरी मारली, 'छान आहे' म्हणाले आणि आत गेले. तेव्हापासून सोडते म्हटलं तरी बसत नाहीत, चालत जातात."

"का हो?"

"विचारलं नाही कधी," डॉक्टर म्हणाली.

भिंगबाईंना काखेतला कळसा दिसायला लागला होता. पण भिंगाखाली धरल्याशिवाय बोलायचं नाही हा त्यांचा नियम. "रविवारी सकाळी येऊ का? गाडी उभी असते ती जागा बघते," त्या म्हणाल्या.

गॅरेज घराला लागूनच होतं आणि एका गाडीपुरतं होतं. उजवीकडून उतरायला जागा राहावी म्हणून डॉक्टर गाडी डाव्या भिंतीला खेटून लावायची. मधे जेमतेम दीड हाताची बोळ. कोणी तिकडे जायचं कारणच नव्हतं. तरी त्या बोळीत एक ठेंगणं लाकडी स्टूल होतं, बरोबर मागच्या दारासमोर. पायांना खाली रबर लावलेलं, आवाज होऊ नये म्हणून.

"हे इथे कधीपासून?" डॉक्टरने विचारलं. तेवढ्यात तिचा फोन वाजला. कोणाचा तरी गाल रात्रीत सुजला होता. "आत बसा ताई, बाबा आहेत," असं सांगून ती बोलत बोलत जिन्यावरून वर गेली.

आत जेवणाचं टेबल होतं, आणि भिंगबाई दारातच थबकल्या. गडद तपकिरी टेबल, सहा माणसांचं. खिडकीतला उजेड त्यावर असा उतरला होता, की लाकूड तळापर्यंत दिसत होतं, जसा संथ पाण्यात तळ दिसतो. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि न राहवून वाकून भिंग लावलं. तेच आठाचे आकडे!

"तिथे नाही सापडणार काही," मागून आवाज आला. "बघायचंच असेल तर डाव्या कोपऱ्यात बघा. तिथे माझी चूक आहे."

डॉक्टरचे वडील चहाचे दोन कप घेऊन उभे होते. शिडशिडीत, पांढरा सदरा, पंचाहत्तरीच्या पुढचे. त्यांची बोटं मात्र कपाच्या कानात अशी बसली होती, जशी एखाद्या हत्यारावर बसावीत.

भिंगबाई डाव्या कोपऱ्यात गेल्या. बराच वेळ बघितलं. "काका, इथे हात बदललाय तुम्ही. उजव्याचं काम डाव्याने केलंय."

काकांनी कप खाली ठेवले. "मनगट मोडलं होतं. पस्तीस वर्षं झाली. आजवर कोणाला दिसलं नव्हतं," ते म्हणाले आणि पहिल्यांदा नीट त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही काय काम करता?"

"गाड्या धुते. पॉलिश करते. तुम्ही?"

"चाळीस वर्षं फर्निचरला पॉलिश केलं. लाखेचा चपडा, स्पिरिट आणि कापसाचा बोळा. दुसरं काही येत नाही."

दोघं चहा प्यायला बसले. भिंगबाईंनी जरा वेळ टेबलाचीच चौकशी केली. किती हात दिले, मधे किती दिवस वाळवलं, बोळ्याला कापड कुठलं. काका आधी एकेका शब्दात उत्तरं देत होते, मग रंगात आले. बोळा थांबवायचा नाही, थांबला की डाग. बोळा उतरवायचा तो विमान उतरतं तसा, हळूच, चालता चालता. शेवटी भिंगबाईंनी कप बाजूला सरकवला.

"काका, गाडीच्या डाव्या दारालाही हाच हात आहे."

काकांनी आधी जिन्याकडे बघितलं. मग उठून खोलीचं दार लोटलं. "हळू बोला. तिला कळता कामा नये," ते म्हणाले.

"काय कळता कामा नये?"

"तिला फसवलंय ते."

भिंगबाईंना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"शेवटचा हातच दिलेला नाही हो त्या गाडीला!" काका कुजबुजत होते, पण आवाजातला संताप लपत नव्हता. "अस्तर झालंय, रंग झालाय आणि वरची चमक केलीच नाही. एवढ्याला गाडी विकली आणि काम अर्धवट! पहिल्या दिवशीच माझ्या लक्षात आलं. पण पोरगी इतकी खुशीत होती. आयुष्यातली पहिली नवी गाडी. तिला कोणत्या तोंडाने सांगू, की बाई, तुला टोपी घातली? आणि सांगून ते थोडेच परत घेणार होते. मग ठरवलं, आपण पुरं करून टाकू. ती सकाळी आंघोळीला गेली की वीस मिनिटं मिळतात. भिंतीकडच्या बाजूने सुरुवात केली, खालून. हात बसेपर्यंत काही बिघडलं तर दिसू नये. हळूहळू का होईना, गाडी पुरी झाली असती. तिला वाटलं असतं, गाडी रुळली."

"म्हणून तुम्ही त्या गाडीत बसत नाही?"

"बसलं की सारखं तेच दिसतं. उघडंबोडकं," काका म्हणाले.

भिंगबाईंना हसू फुटणार होतं. पण समोरच्या माणसाचे डोळे बघितले आणि ते जागच्या जागी विरलं. तीन महिने, रोज वीस मिनिटं, पंचाहत्तरीच्या गुडघ्यांनी त्या ठेंगण्या स्टुलावर. आता यांना कसं सांगायचं?

सांगायचं म्हणजे दाखवायचंच, दुसरं त्यांना येत नव्हतं. त्यांनी काकांना गॅरेजमध्ये नेलं, गळ्यातलं भिंग काढून त्यांच्या हातात दिलं आणि उजवीकडच्या, कोणी हात न लावलेल्या दारापाशी बसवलं.

"काय दिसतं?"

"खरखरीत आहे. सांगितलं ना, काम अर्धवट."

"खरखर सगळीकडे सारखी आहे का कमीजास्त?"

काकांनी भिंग सरकवलं. वर, खाली, पुढच्या दारावर, बोनेटवर. बराच वेळ गेला. "सारखी आहे," ते हळूच म्हणाले. "अगदी सारखी. अर्धवट सोडलेलं काम असं सारखं येत नाही."

"नाहीच येत. मुद्दाम केलंय ते. लोक मागून घेतात असा रंग, जास्त मोजून. चमकू नये म्हणून त्या वरच्या थरात बारीक पूड घालतात."

"चमकू नये म्हणून मोजायचं?" काकांना ते पटत नव्हतं. ते भिंग डोळ्याला लावून तसेच बसून राहिले. मग एकाएकी त्यांचा हात खाली आला. "एकदा एका वकिलाचं टेबल केलं होतं. आठ दिवस खपून आरसा केला त्याचा. तर म्हणाला, दिव्याचा उजेड डोळ्यांवर येतो, कागद वाचता येत नाहीत, चमक घालवून द्या. दगडाची बारीक पूड लावून मीच ती मारली होती. या हातांनी. म्हणजे मला ठाऊक होतं हो हे. पोरीची गाडी म्हटल्यावर अक्कल कुठे गहाण पडली कोण जाणे."

ते उठून बोळीत गेले आणि आपल्या पट्ट्याकडे बघत राहिले. "म्हणजे मी खराब केली तिची गाडी."

भिंगबाईंना खोटं बोलता येत नव्हतं आणि खरं काकांना कळलंच होतं. पण काकांच्या चेहऱ्यावर थोड्या वेळाने वेगळंच काही उमटलं. "काय हो," ते म्हणाले, "ते टेबल मी परत मंद केलं होतं. हे होणार नाही?"

"पुस्तकात नाही म्हणतात."

"तुम्ही करून बघितलंय?"

भिंगबाईंनी करून बघितलं नव्हतं. आणि एखादी गोष्ट करून बघितलेली नाही हे लक्षात आलं, की त्यांना चैन पडत नसे. "माझ्याकडे एक जुना मडगार्ड आहे," त्या म्हणाल्या.

काका कारखाना बघायला जातात म्हटल्यावर डॉक्टरला नवल वाटलं, आणि बरंही. पट्ट्याचं काय ते दोन-तीन दिवसांत सांगते, एवढंच भिंगबाईंनी तिला सांगितलं. सोमवारपासून ते रोज सकाळी चालत येत. पहिल्या दिवशी त्यांनी मडगार्डच्या एका तुकड्यावर तसाच, पण बोटभर, लखलखीत पट्टा काढून दिला. भिंगबाई शेजारी बसून डोळ्यांत तेल घालून बघत होत्या. मनगट कसं सैल, कोपर कसं तरंगतं. मग पुढचे दोन दिवस तो पट्टा परत मंद करायचे प्रयोग. दगडाची पूड पाण्यातून, मग तेलातून. सर्वांत बारीक पॉलिश पेपर. मऊ ब्रश, एकाच दिशेने. भाऊजी आधी "हा कारखाना आहे का शाळा?" म्हणून करवादले आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच घरातून दात घासायची पावडर घेऊन आले.

बुधवारी दुपारी काकांनी मडगार्ड हातभर अंतरावर धरला. पट्टा ओळखू येत नव्हता! भाऊजींनी टाळी वाजवली. भिंगबाई त्यांना म्हणाल्या, "थांबा," आणि मडगार्ड दारात नेऊन उन्हात तिरका केला. मधे धुरकट ढग दिसला, काचेवर श्वास सोडल्यासारखा. मग त्यांनी तो दोनदा धुतला, नेहमीसारखा, हलक्या हाताने. ढग गेला आणि खालून चकाकी परत वर आली.

काकांनी भिंगातून शेवटचं बघितलं. "वरवरचे ओरखडे आहेत नुसते. रंगाच्या पोटातली पूड परत कुठून आणणार? लाकूड माफ करतं हो. हे नाही करत."

"दार नव्याने रंगवावं लागेल," भिंगबाई म्हणाल्या. "आणि डॉक्टरला सांगावं लागेल."

"तुम्ही सांगा."

"रंगाचं मी सांगेन. बाकीचं तुमचं तुम्ही."

काकांनी भाऊजींकडे बघितलं, तर भाऊजी एकदम पाण्याचा पाइप गुंडाळण्यात गढून गेले होते.

त्याच संध्याकाळी डॉक्टर वडिलांना न्यायला आणि पट्ट्याचं ऐकायला आली. काका तिला गाडीच्या डाव्या बाजूला घेऊन गेले आणि दाराकडे बोट दाखवून म्हणाले, "हे मी केलंय."

डॉक्टर हसली. तिला वाटलं, गंमत करताहेत. मग तिने भिंगबाईंकडे बघितलं आणि तिचं हसू थांबलं. काकांनी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या, मधे न थांबता, पहिल्या दिवसापासून.

"तीन महिने तुम्हाला वाटत होतं, की मला फसवलंय?"

"हो."

"आणि मला कळू नये म्हणून रोज सकाळी खाली बसून..."

"वीस मिनिटं फक्त."

"बाबा, विचारायचं ना!" डॉक्टरचा आवाज चढला. पलीकडे गाडी पुसणारी माणसं वळून बघायला लागली. "एका शब्दाने विचारायचं! मी इथे येऊन यांना नाही नाही ते बोलले. शाम्पूला नावं ठेवली. कंपनीत भांडले!"

"तू तरी कुठे सांगितलंस, की असला रंग मुद्दाम घेतलास म्हणून? आणून उभी केलीस आणि म्हणालीस, कशी आहे? मी काय म्हणणार होतो?"

डॉक्टर बोनेटवर हात ठेवायला निघाली होती, तो तिने मागे घेतला. मॅटला हात लावायचा नाही, हे एव्हाना ती शिकली होती. "दिवसभर तोंडावर दिवा असतो बाबा," ती म्हणाली. "हत्यारं चमकतात, टाइल्स चमकतात, माणसांचे दात चमकतात. संध्याकाळी बाहेर आलं की डोळे चुरचुरतात. दुकानात सगळ्या गाड्या लखलखत होत्या आणि ही एकटी गप्प उभी होती. म्हणून घेतली."

काका तिच्याकडे बघत राहिले. "डोळे चुरचुरतात? कधीपासून?"

"चार-पाच वर्षं झाली."

"मला ठाऊक नव्हतं."

"मी सांगितलंच नाही."

भाऊजींना असल्या वेळी काय करावं कळत नसे, म्हणून त्यांनी सगळ्यांसाठी चहा सांगितला. तो येईपर्यंत डॉक्टर गाडीभोवती फिरली आणि पट्ट्यासमोर वाकली. "पण बाबा," ती म्हणाली, "केलंय मात्र फर्स्टक्लास." आणि ती आधी हसली, मग बोटाने डोळे पुसायला लागली. काकांनी खिशातून रुमाल काढून दिला. तो मऊ होता. पॉलिशच्या बोळ्यावरचाच असावा.

दार रंगवायला नऊ दिवस लागले. मॅट रंगाचं एक सोंग असतं. पत्र्याच्या एका कोपऱ्यात टचिंग करून चालत नाही, अख्खं दार एका दमात मारावं लागतं, आणि हवा जरा दमट असली तरी मंदपणा वेगळा येतो. रंगारी पहिल्या वेळी नापास झाला. शेजारच्या दाराहून ते काळसर दिसलं. काका रोज तिथे जाऊन बसत. पूड किती, फवारा किती अंतरावरून, मधे किती थांबायचं? रंगाऱ्याने भिंगबाईंना फोन केला. "ताई, तुमचे काका घेऊन जा हो. मला स्वप्नातही प्रश्न पडायला लागलेत." पण दुसऱ्या वेळचा हात मात्र काकांच्या एका प्रश्नामुळेच सुधारला. त्यांनी विचारलं होतं, की डबा तळापासून ढवळला का. पूड खाली बसली होती.

पंधरवड्याने दार पुरतं सुकल्यावर भिंगबाईंनी अख्ख्या गाडीला मॅटसाठीचा संरक्षक थर दिला. हा थर चमक आणत नाही, फक्त पाणी आणि घाण आत मुरू देत नाही. छोटा स्पंज, एकेक भाग घ्यायचा, लावला की लगेच दुसऱ्या फडक्याने टिपून घ्यायचा. जास्तीचा राहिला तर तिथेच डाग. काका दोन्ही हात पाठीमागे बांधून शेजारी उभे होते. एकदा त्यांचा उजवा हात सुटून पुढे आला. त्यांनी तो डाव्याने धरून परत मागे नेला.

"लावून बघता का, काका?"

"नको. मला थांबता येत नाही. अजून चार दिवस नुसतं बघतो."

चार दिवसांचे महिने झाले. काका आता दर गुरुवारी येत. लाकडी डॅशबोर्डची एखादी जुनी गाडी आली की तो भाग त्यांचा. येताना लेक सोडायची, जाताना न्यायची. गाडीतल्या गाडीत दोघांचं एवढं काय बोलणं चाले कोण जाणे. कधी कधी गाडी दारात येऊन उभी राही आणि दहा-दहा मिनिटं कोणी उतरतच नसे.

एका मंगळवारी सकाळी भिंगबाई कारखान्याचं शटर वर करत होत्या, तेवढ्यात काकांचा फोन आला. आवाज दबलेला, ऑपरेशनच्या खोलीतून बोलल्यासारखा.

"गाडी बाहेर उभी होती. बोनेटवर पक्ष्याने घाण केलीय. ताजी आहे. मी ओलं फडकं ठेवलंय वर. किती वेळ ठेवू?"

"दहा मिनिटं. मऊ पडू दे. मग..."

"मग सरळ वर उचलायचं. पुसायचं नाही. ते ठाऊक आहे मला," काका म्हणाले. "बरोबर आठ वाजता ठेवलंय."

भिंगबाईंना वाटलं, आता फोन ठेवतील. पण काकांनी ठेवला नाही. पलीकडून सकाळचे आवाज येत होते, कोणाचं तरी फाटक, नळाचं पाणी. मग काकांनी विचारलं, "यात असं काय असतं हो, की एवढासा थेंब रंग खातो?"

"आम्लासारखं काहीतरी असतं म्हणतात."

"म्हणतात. पण सगळ्याच पक्ष्यांचं सारखं असतं का? दाणे खाणाऱ्याचं निराळं, फळं खाणाऱ्याचं निराळं, असं नसेल?"

भिंगबाई अर्ध्या उघडलेल्या शटरखाली वाकलेल्या तशाच थांबल्या. वीस वर्षं त्या ही घाण काढत आल्या होत्या. जांभळी, पांढरी, हिरवट. जांभळ्याचा डाग जास्त खोल जातो हे त्यांना हाताला ठाऊक होतं. पण का, हे कधी डोक्यातच आलं नव्हतं.

"काका," त्या म्हणाल्या, "ते फडकं उचललं की धुऊ नका. तसंच एका डब्यात घालून आणा. आणि वर तारेवर पक्षी कोणता बसलाय ते बघून ठेवा."

"बघतोय केव्हापासून," काका म्हणाले. "नीट दिसत नाही. लेकीला हाक मारतो, थांबा."